टेंभऱ्याच्या डब्ब्याची साक्ष

"मशीन बिघडली म्हून सांग ना गा. तशीबी बिघडलेलीच आहे. साऱ्या गोरेगावले मालूम आहे."

गुलाबचंद हे इतक्या आरामात बोलला, की योगराज टेंभरेच्या डोक्यात ते उशिरा शिरलं. राईस मिलचा मालक, पांढरी सफारी, बोटात फिरणारी गाडीची किल्ली. येऊन बसला तो थेट पासपोर्ट फोटोच्या स्टुलावर, निळ्या पडद्यासमोर. आता दोन लाईट पेटवले की फोटोच निघावा.

"कोनती मशीन, काकाजी?"

"तुया घरचा डब्बा गा. लगनाच्या शूटिंगा ठेवतेस ना त्याच्यात? कोर्टातून बलावनं येईन तुले. सांगजो, उडून गेलं. खोटं थोडीच होईन?" गुलाबचंद उठला, दारात वळला. "अना हो, आमच्या ओमेश्वरच्या पोट्ट्याचं नाव ठेवाचं आहे. शूटिंग तुयीच."

गाडी गेली तरी योगराज बसूनच राहिला. गुलाबचंदच्या या पोराचं, ओमेश्वरचं, लग्न त्यानंच शूट केलं होतं. फक्त ते या पोट्ट्याच्या आईशी लागलेलं लग्न नव्हतं.

चार वर्षांपूर्वीच्या वैशाखात लखनलाल पटलेच्या अंगणात मांडव घातला होता आणि लखनलालची रुची ओमेश्वरच्या शेजारी पाटावर बसली होती. सारं गाव जेवलं. मग तीन वर्षं नांदून रुची माहेरी आली, कारण नवऱ्यानं बालाघाटकडून दुसरी आणली. खावटीसाठी ती कोर्टात गेली, तर सासरचं म्हणणं काय, की लग्न झालंच नाही. पाहुणी म्हणून आली होती, राहिली, गेली. अल्बम सासरी, सीडी सासरी. लग्न लावणारा महाराज म्हणे सीझनमध्ये कितीतरी लग्नं लावतो, कोणकोणतं याद ठेवू. आणि दुलीचंद, रुचीच्या गावचा पोलीस पाटील, ज्यानं स्वतः वाकून नवरा-नवरीचे पाय धुतले, त्याला तर समोरच्या पार्टीनंच साक्षीदार केलं होतं. दिवाळीनंतर धान कोणाच्या मिलला घालायचं आहे, हे गावात प्रत्येकाला माहीत होतं.

उरला होता योगराजचा डब्बा. आणि गुलाबचंद म्हणत होता त्यात एवढं खरं होतं, की डब्ब्याचं काहीतरी बिनसलं होतं.

डब्बा म्हणजे घरच्या मागच्या खोलीतला एक उंच काळा कॅबिनेट. आत पाच हार्डडिस्क. दुसरे स्टुडिओवाले सीडी देऊन मोकळे व्हायचे; योगराजनं मात्र शूट केलेलं एकही लग्न पुसलं नव्हतं. चार डिस्कांवर लग्नं. पाचवीवर लग्न एकही नाही. तिच्याजवळ फक्त बाकी चारींची बेरीज. तिला म्हणतात पॅरिटी. चारींतली एखादी मेली, तर उरलेल्या तिघी आणि ही बेरीज मिळून मेलेलीचा शब्दन् शब्द परत सांगतात. दर महिन्याला डब्बा स्वतःच चारी डिस्का वाचतो, बेरीज पुन्हा करतो, पाचवीशी ताडून पाहतो. जुळली नाही की स्क्रीनवर लाल अक्षरात लिहितो: पॅरिटी एरर.

मागच्या उन्हाळ्यात हे लाल अक्षर पहिल्यांदा आलं. गोंदियाचा घनश्याम, ज्याच्या दुकानातून हे सारं सामान घेतलं, तो फोनवरच म्हणाला, "डिस्क गई भैया. नई डालो." तिसरी डिस्क काढली, नवी टाकली, पॅरिटीवरून पुन्हा भरली. हिवाळ्यात सारं शांत झालं. आता दोन हजार तेराचा मे उजाडला, आणि लाल अक्षरं पुन्हा सुरू.

"काही नहीं होता, करेक्शन का टिक लगा रहने दो," घनश्याम म्हणायचा, "मशीन अपने आप सुधार लेती है." आणि दुकानावर येणाऱ्या-जाणाऱ्याला तोच सांगायचा, "वो गोरेगांव वाले टेंभरे का सर्वर? रोता ही रहता है. गांव की लाईट, गांव की धूल, क्या करोगे." गुलाबचंदपर्यंत बातमी गेली ती या तोंडातून.

योगराजला गाव की लाईट या शब्दांची चीड होती. लाईटसाठी त्यानं यूपीएस बसवला होता, धुळीसाठी रोज स्वतः फडकं मारायचा, आणि गरमीसाठी तर त्यानं घरातला एकुलता एक कूलर डब्ब्यासमोर लावला होता. कॅबिनेटचं एका बाजूचं झाकण काढून ठेवलेलं, आणि समोर वाळ्याच्या पाण्यानं भरभरणारा कूलर. विदर्भात दुकानोदुकानी हेच करतात, आणि घनश्यामनंही हेच सांगितलं होतं. "झाकण खोलो, कूलर की हवा मारो, मस्त चलेगा." याचं स्वतःचं दुकान एसीचं.

रामबाईला, म्हणजे योगराजच्या मायला, हे अजिबात पटत नव्हतं. ओला टॉवेल डोक्यावर घेऊन ती पंख्याखाली बसायची आणि येणाऱ्या प्रत्येक बाईला ऐकवायची, "माया पोराच्या घरी मशीनले कूलर आहे अना मायले पंखा. मरताना मले त्या डब्ब्यातच घाला व, थंडी तं लागन!"

गुलाबचंद गेल्यावर योगराजनं दुकानाला कुलूप घातलं आणि तडक घरी येऊन रुचीच्या लग्नाचं शूटिंग लावून पाहिलं. दुसऱ्या डिस्कवर होतं. मांडव आला, बाया आल्या, बँड आला. मग पाय पखारायचा दस्तूर. पाटावर नवरा-नवरी, समोर पितळी परात, आणि गावातला एकेक जण येऊन दोघांचे पाय धुतो आहे, काहीतरी भांडं नाहीतर नोट ठेवतो आहे. कॅमेरा हळूच वर जातो, नवरदेवाच्या तोंडावर येतो, आणि तिथं हिरवे चौकोन. ओमेश्वरचं नाक कानाजवळ सरकलं, डोळे वितळले, मुंडावळ्या तेवढ्या शाबूत.

"भडव्या!" योगराज ओरडला. कोणाला, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

लखनलाल दुसऱ्या दिवशी आला, सोबत राहांगडाले वकील. वकिलानं बॅगेतून टाईप केलेला कागद काढला. "योगराजभाऊ, व्हिडिओ कोर्टात द्यायचा तर हे सर्टिफिकेट लागतं. कॉम्प्युटर नीट चालत होता, नक्कल बरोबर आहे, असं तुम्ही लिहून द्यायचं. सही करा, काम संपलं."

"पन तो नीट चालून नाही राहिला, साहेब."

"अहो, कोण बघायला येतो?"

"गुलाबचंद येईन ना! त्यानं साऱ्या जिल्ह्यात सांगून ठेवलं आहे. मी खोटी सही करतो, अना तिकडचा वकील उभा राहून म्हंते, यायची मशीन खोटी, मानूस खोटा, मंग लगनबी खोटं. तेच पायजे ना त्याले?"

लखनलाल म्हणाला, "योगराज, माया घरी लगन झालं का नाही, हे आता मले मशीनले विचारा लागते का रे?"

त्या प्रश्नानं योगराजच्या अंगाची लाही झाली. सारं गाव बुंदी खाऊन गेलं, पत्रावळी उचलायला दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर लावावा लागला, आणि आज बापाला विचारावं लागतं! त्यानं कागद परत केला. "तारखेच्या आधी सही करतो, मामाजी. पन खरी करतो."

घनश्यामला फोन केला. "सीधी बात है," तो म्हणाला, "दो नंबर की डिस्क खराब. निकालो, नई डालो, पॅरिटी से रिबिल्ड मार दो. कल आ जाओ."

योगराजनं बाईक काढलीसुद्धा. पण जायच्या आधी म्हणून डब्बा बंद करून पुन्हा चालू केला आणि तो दस्तूर आणखी एकदा लावून पाहिला. कॅमेरा वर जायची वाट पाहिली. ओमेश्वरचं तोंड आलं. स्वच्छ. मिशीतला घामही दिसत होता. पुढे रुचीची मावशी आली आणि तिचा पदर हिरवा झाला, जो काल अगदी ठीक होता.

त्यानं बाईकची किल्ली खिशात टाकली आणि ओट्यावर बसला.

डिस्क खोटं बोलत असती तर ती दर वेळी एकाच जागी खोटं बोलली असती. जिथं लिहिलेलं सडलं, तिथं ते आजही सडलेलं, उद्याही. इथं सड जागा बदलत होती. म्हणजे सांगणारी बरोबर सांगत होती, ऐकणारा बहिरा होता. आणि हा बहिरा ऐकणारा गेलं सालभर महिन्या-महिन्याला पाचव्या डिस्कला, त्या बिचाऱ्या बेरजेला, कान धरून सांगत होता, की तुझं चुकलं, मी ऐकलं तसं लिही. करेक्शनचा टिक! साक्षीदाराला दर महिन्याला जबानी बदलायला लावायची, आणि त्याचं नाव सुधारणा.

त्यानं आधी तो टिक काढला. मग वायरी बदलल्या. तपासणी लावली तर लाल अक्षरं तशीच, आणि पुन्हा नव्या जागी. मग राहिली मेमरी, जिच्यातून वाचलेलं सगळं जातं. मेमरीच्या परीक्षेचा एक प्रोग्राम असतो, तो चालू केला आणि अंघोळीला गेला. येऊन पाहतो तर स्क्रीन लालेलाल, वरपासून खालपर्यंत.

मशीन बंद करून त्यानं मेमरीच्या दोन्ही पट्ट्या उपसल्या. पट्टीच्या खालच्या काठाला सोनेरी दातांची रांग असते. त्या दातांवर पांढरट पापुद्रा चढला होता, मधूनमधून हिरवी झाक. त्यानं नख लावलं, पापुद्रा भुरभुरला.

"असाच तं आहे या कूलरले," रामबाई मागून म्हणाली. ती कूलरच्या जाळीवर साचलेला बोअरच्या पाण्याचा पांढरा खार जुन्या उलथन्यानं खरवडत होती. "धुतला नाही का दहा दिवसांत दगड होते. तुया मशीनलेबी पान्याचे दात आले का रे?"

योगराज एकदा जाळीकडे बघे, एकदा पट्टीकडे. बोअरचं खारं पाणी, त्याची भरभरणारी ओली हवा, आणि समोर झाकण काढून उघडा केलेला डब्बा. दोन उन्हाळे. मायला उकाड्यात बसवून त्यानं आपल्या हातानं मशीनच्या कानात खार ओतला होता. ना गावची लाईट, ना गावची धूळ. आपला शहाणपणा, आणि तो शिकवणारा एसीत बसलेला.

"कूलर ने तुया खाटेजवळ," तो म्हणाला.

"आता काऊन?"

"ने म्हन्तो ना, माय!"

नव्या पट्ट्या त्यानं नागपूरहून मागवल्या, ट्रॅव्हल्सच्या गाडीनं आल्या. जुन्या पट्ट्यांचे दात खोडरबरनं घासून चालवता आले असते, दुकानवाले तेच करतात. पण खरी सही करायची होती. खाचा ब्रशनं साफ केल्या, झाकण लावलं, स्क्रू कसले. मेमरीची परीक्षा पूर्ण स्वच्छ गेली. रुचीच्या लग्नाच्या दोन नकला काढून एकमेकींशी ताडल्या, अक्षरन् अक्षर जुळलं. शेवटी त्यानं चारी डिस्कांवरून बेरीज नव्यानं करायला लावली आणि पुन्हा पुन्हा तपासली. लाल अक्षर नाही.

मग तिसरी डिस्क उघडली. मागच्या उन्हाळ्यात घनश्यामनं बदललेली. तिच्यावरची लग्नं बहिऱ्या कानानं ऐकून भरली होती. तिथले चौकोन जागा बदलत नव्हते. कोणाची सप्तपदी गेली होती, कोणाचा आता हयात नसलेला बाप अर्ध्यातून फाटला होता. दुसऱ्या डिस्कचंही हेच झालं असतं, बाईक त्या दिवशी गोंदियाला गेली असती तर.

तो गोंदियाला गेला, पण डिस्क घ्यायला नाही. पट्टी काउंटरवर आपटली. घनश्यामनं उचलून पाहिली, हसला. "अरे, कार्बन आ गया. पोंछ देते."

"पुसून देतो? तुम्ही एकदा बी मेमरी चेक केली नाही! डिस्क विकून राहिले फक्त! माया तिसऱ्या डिस्कवरचे सारे लगनं खराब केले तुम्ही."

"भैया, शादी तो हो गई ना उन लोगों की?" घनश्याम गिऱ्हाईकांकडे बघून म्हणाला. "बाद में वीडियो देखता कौन है?"

"जिची झालीच नाही म्हन्तात ना, तिचा बाप पाहते!" योगराज एवढ्या जोरात ओरडला, की बाजूच्या पानठेल्यावरचे लोक वळले. पट्टी उचलून तो निघून आला.

सर्टिफिकेटवर त्यानं सही केली, पण वकिलानं टाईप केलेल्या मजकुरावर नाही. स्वतः लिहून दिलं: मशीनची मेमरी खराब होती, ती अशी खराब झाली, अशी बदलली, मूळ डिस्कवरचं चित्रीकरण शाबूत आहे. राहांगडाले वकिलानं कपाळाला हात लावला. "कोणी स्वतःहून लिहितं का असं?"

तारखेला कोर्टात गरमी इतकी की दारं सताड उघडी होती. वऱ्हांड्यातल्या बाकावर लखनलाल एका टोकाला, आणि साक्षीला आलेला दुलीचंद पाटील दुसऱ्या टोकाला, मान वळवून. रुची आत, वकिलाच्या मागे. गुलाबचंद खिडकीखाली.

समोरचा वकील योगराजचाच कागद फडकवत उठला. "म्हणजे तुमचं यंत्र चुका करत होतं, हे तुम्हीच कबूल करता?"

"हो जी."

"ते चुकीची चित्रं दाखवत होतं?"

"हो जी. दाखवत होतं."

गुलाबचंद खुर्चीत मागे रेलला.

"मग हा व्हिडिओ खरा कशावरून?"

योगराजला वाटलं होतं आपण घाबरू. पण त्याचा आवाज उलट चढला. "साहेब, मशीन बिघडली का हिरवे चौकोन पाडते. नवरदेवाचं तोंड फाटते, आवाज खरखरते. पन ते नवरदेवाच्या जागी दुसरा नवरदेव बसवत नाही. अना जे लगन झालंच नाही, ते लावून देत नाही! मेमरीवर पान्याचा खार चढला होता, मी पुसला, तिले सारं आठवलं. इथी मानसायले आठवून नाही राहिलं, त्याईच्यावर काय चढलं आहे ते विचारा ना!"

"साक्षीदारानं विचारलं तेवढंच बोलावं," जजसाहेब म्हणाले. मग चष्मा सरकवून, "लावा."

लॅपटॉपला स्पीकर जोडले होते. पाय पखारणं सुरू झालं. पाटावर ओमेश्वर, घामेजलेला, स्वच्छ. बाजूला रुची. मागच्या खुर्चीवर गुलाबी फेट्यातला गुलाबचंद, लाडू तोंडात. आणि बाया गात होत्या. लग्नातल्या बाया गातात तशा, पाय धुवायला येणाऱ्या प्रत्येकाचं नाव घेऊन, त्याची टर उडवत. कोणाच्या पोटाची, कोणाच्या कंजूषपणाची. मग एक पातळ, खणखणीत आवाज चढला:

*आला व दुलीचंद पाटील आला,
देयाले काही नाही, लोटा रिकामा आनला!*

आणि साऱ्या जणी हसल्या, चार वर्षांपूर्वीचं ते हसणं उघड्या दारातून वऱ्हांड्यात गेलं. पिंजऱ्यातून योगराजला वऱ्हांडा सरळ दिसत होता. बाकावरच्या, भिंतीशी टेकलेल्या, चहा पिणाऱ्या सगळ्यांच्या माना दुलीचंदकडे वळल्या होत्या. एक म्हातारी तर तोंडावर पदर घेऊन हसत होती. दुलीचंदचा हात आपोआप टोपीकडे गेला. गाणं गाणारी त्याचीच सख्खी वहिनी होती. तो आवाज तो ओळखत नाही असं कोणत्या तोंडानं म्हणणार होता?

समोरचा वकील काहीतरी आक्षेप घेत होता. गुलाबचंद उठून वऱ्हांड्याकडे निघाला, पण शिपायानं दारात हात आडवा केला.

जेवणाच्या सुट्टीत रुची बाहेर आली. दुलीचंद बाकावरून उठून तिच्यासमोर उभा राहिला. योगराज खांबाशी होता, त्याला सगळं ऐकू येत होतं.

"बाई," दुलीचंद घसा साफ करत म्हणाला, "मी होतो ना व. म्याच तं पाय धुतले तुये. मिलचं आमचं कसं आहे तुले तं मालूम..."

सालभर कोर्टाच्या पायऱ्या चढताना रुची कोणाशी फारशी बोलली नव्हती.

"माया पायाले मालूम आहे, काका," ती म्हणाली. "मले कायले सांगून राहिले? आत जाऊन सांगा."

"गुलाबचंद बसला आहे आत."

"मीबी आतच बसली आहो ना. एक सालापासून."

ती लखनलालला घेऊन नळाकडे गेली. दुलीचंद तिथंच उभा.

सुट्टी संपली. शिपायानं दारात येऊन पुकारा केला. दुलीचंदनं टोपी नीट केली, आत जाऊन पिंजऱ्यात उभा राहिला. समोरच्या वकिलानं, ज्यानं त्याला आणलं होतं त्यानंच, विचारलं, "या लग्नाला तुम्ही हजर नव्हता, बरोबर?"

"होतो," दुलीचंद म्हणाला. मग, कोणी न विचारता, जरा चिडूनच, "अना लोटा रिकामा नव्हता."